मास्तरांचा होकार

मास्तरांना मेंदूचा झटका आला त्याला नऊ महिने झाले होते, आणि या नऊ महिन्यांत घरीदारी त्यांनी कोणाला कशासाठीही नकार दिलेला नव्हता.

न्हाव्यानं "अजून बारीक करू?" असं विचारलं, मास्तर हो म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, मास्तर पुन्हा हो म्हणाले. तिसऱ्यांदा विचारण्यासारखं डोक्यावर काही उरलं नाही. दारावर आलेल्या विक्रेत्यांच्या कृपेनं घरात तीन वर्तमानपत्रं येऊ लागली. त्यांतलं एकही मास्तरांना वाचता येत नव्हतं, कारण बोलण्याबरोबर वाचणं-लिहिणंही गेलं होतं. इमारतीच्या सभेत सचिव व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा पाठीमागून कोणीतरी सहज म्हणालं, "मास्तर, तुमची तयारी आहे का?" त्यानंतरच्या तीन सभांत सहा ठराव एकमतानं मंजूर झाले. आधीच्या सचिवाला घडाघडा बोलता येत असून हे जमलं नव्हतं. लोक म्हणू लागले की आजारपणानं माणूस किती निवळतो बघा.

मास्तर निवळले नव्हते. ते आत होते, शाबूत होते आणि संतापलेले होते. फक्त तोंडाच्या दाराशी 'हो' नावाचा एक शिपाई येऊन बसला होता. आतून कसलाही निरोप निघाला, 'नको', 'थांबा', 'मूर्खा, ती माझी चप्पल आहे', तरी शिपाई उठायचा आणि बाहेर जाऊन आपला एकच निरोप सांगून यायचा. मास्तरांना तो ऐकू येई. खरी शिक्षा तीच होती. मानही शिपायाला सामील होती. आडवी हलवायला जावी तर उभी हले. आणि लोक हळू बोलले, एका वेळी एकच गोष्ट बोलले, तर मास्तरांना सगळं कळत असे. पण लोक हळू बोलत नसत, मोठ्यानं बोलत. जणू झटका कानाला आला होता.

मास्तर कोट-पँट शिवायचे. स्टेशनरीचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये त्यांचं दहा बाय चौदाचं दुकान होतं. आत दोन मशिनं, एक वाफेची इस्त्री, आणि कापणीचं लाकडी टेबल, ज्याच्या कडेवर चव्वेचाळीस वर्षं एकाच माणसाचं पोट टेकून टेकून पॉलिश उडालं होतं. धंद्यात त्यांची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक म्हणजे खांदा. मास्तरांनी बसवलेला खांदा माणूस वाकला तरी वाकत नसे. दुसरी म्हणजे मंगळवार.

गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, हे मास्तरांनी पहिल्या दिवसापासून पाळलं होतं. नको असलेलं काम आलं, जसं कोणाच्या मेहुण्याची विजार उसवून भाच्याला बसवायची वगैरे, तर मास्तर ओठांच्या कोपऱ्यात चार टाचण्या धरत, कापड बोटांत चोळून बघत, भरपूर वेळ घेत, टाचण्या काढत आणि म्हणत, "मंगळवारी या." मंगळवारी गेलं की पुढचा मंगळवार. शहाणं गिऱ्हाईक तीन मंगळवारांत समजून जाई. एक गिऱ्हाईक अकरा वर्षं समजलं नव्हतं, ती त्यांची बायको. निळसर राखाडी लोकरीच्या कापडाचा तिचा कोट कच्ची टीप घालून, एका बाहीनिशी, दुकानातल्या शेवटच्या खुंटीला लटकत होता. तिनं विचारलं की मास्तर मंगळवार सांगायचे. पुढेपुढे ती जेवताना, गिऱ्हाइकांसमोर, त्यांच्या देखत, "आमचा मंगळवार" असाच त्या कोटाचा उल्लेख करायची.

दुकानाचा विषय मुलानं सहाव्या महिन्यात काढला. मुलगा वाईट नव्हता. तो एका कंपनीत माणसांच्या सुट्ट्या मंजूर करायचं काम करायचा, त्यामुळे न संपलेल्या गोष्टी त्याला बघवत नसत. कुलूप लावलेलं दुकान ही त्याच्या दृष्टीनं मंजूर न झालेली सुट्टी होती. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण दुकान घ्यायला तयार होता. हा कव्हरवाला घरी येऊन मास्तरांच्या पायाही पडला आणि म्हणाला, की तुम्ही माणसांना कपडे घातलेत, आम्ही फोनला घालतो, आपला धंदा एकच. मग त्यानं आदरानं विचारलं, "ते मोठं टेबल आम्ही काढून टाकलं तर चालेल ना, काका?"

"हो," मास्तर म्हणाले.

त्या क्षणी आत काय झालं ते सांगायला मास्तरांकडे शब्द नव्हते आणि बघायला आत कोणी गेलं नव्हतं. डावा हात मात्र खुर्चीच्या दांड्यावर इतका घट्ट आवळला गेला, की बायकोनं "थंडी वाजतेय का?" असं विचारलं. हो, म्हणाले. तिनं पंखा बंद केला. उकाडा मरणाचा होता.

दुकान मास्तरांच्या नावावर होतं. हस्तांतराच्या कागदावर अंगठा चालणार होता, पण अधिकारी समोर बसवून तोंडी संमती विचारणार होता. मुलाला त्याची काळजी नव्हती. संमतीच्या बाबतीत बाबांचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं.

काळजी होती ती मॅडमना.

मॅडम म्हणजे हॉस्पिटलातल्या वाचा-उपचाराच्या बाई. वयानं मास्तरांच्या मुलापेक्षा लहान, चष्मा नाकावर, आणि बोलताना पूर्ण वाक्य संपेपर्यंत समोरच्याकडे बघायची सवय. झटक्यानंतर पहिले तीन महिने मास्तर पहिल्या मजल्यावर बोलण्याच्या विभागात जात, जिथं त्यांच्याकडून शब्द घोटून घेत; आणि तिसऱ्या मजल्यावर लक्ष व नियोजनाच्या विभागात जात, जिथं त्यांच्याकडून न बोलता ठोकळे रचून घेत. दोन्ही विभागांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. त्यासाठी कुठला विभाग नव्हता.

मॅडमनी हे दोन्ही एकत्र करायचं ठरवलं. मुलाला समोर बसवून त्यांनी समजावलं होतं की मास्तरांचे शब्द काही सगळे पुसले गेलेले नाहीत. मशीन चालू आहे, दोरा आहे, पण पॅडलवरचा पाय उचलत नाही. कुठं थांबायचं, चार शब्दांतला कुठला घ्यायचा, काम बदललं की आधीचं कसं सोडायचं, हे बघणारी यंत्रणाही दुखावली आहे. नुसते शब्द शिकवले तर पाय दाबलेलाच राहणार आणि टीप भलतीकडे जाणार. म्हणून शब्द आणि थांबणं, दोन्ही एकाच तासात, एकाच कामात शिकवायचं. हे सांगून त्यांनी मास्तरांकडे वळून शांतपणे विचारलं, "मास्तर, तुम्ही काकडी आहात का?"

"हो."

मुलगा खूप हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की आता लक्षात आलं ना, यांच्या पहिल्या होकारावर विसंबायचं नाही. मुलाला ते शंभर टक्के पटलं. पुढं दुकानाचा विषय निघाला तेव्हा मॅडमनी त्याला काकडीची आठवण करून दिली, तर त्याचं म्हणणं पडलं की काकडीचं वेगळं, आणि हे तर बाबांना चार वेळा विचारलंय, चारही वेळा हो म्हणालेत.

एकत्र उपचारासाठी दुसऱ्या मजल्यावरची एक खोली मिळाली, जिथं पूर्वी मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवत. एकच अडचण आली. संगणकात एका रुग्णाला एका वेळी दोन विभागांत टाकता येईना. शेवटी नोंद अशी झाली की मास्तर दहा ते साडेदहा पहिल्या मजल्यावर असतात आणि साडेदहा ते अकरा तिसऱ्या. प्रत्यक्षात ते तासभर दुसऱ्या मजल्यावर असत, जिथं कागदोपत्री ते कधीच आले नाहीत.

त्या खोलीत मास्तरांचे हाल होत. निळं कार्ड दिसलं तर चित्राचं नाव सांगायचं, लाल दिसलं तर गप्प राहायचं. निळी कात्री दाखवली, मास्तर घामाघूम होऊन "का… का…" पर्यंत जात आणि "हो" वर कोसळत. लाल कात्री दाखवली, तर ताबडतोब, खणखणीत, "हो". मग नियम उलटा करायचा, लाल बोलायचं, निळं गप्प. मग कोटाचा क्रम: माप, खडू, कापणी, कच्ची शिलाई, ट्रायल, पक्की शिलाई अशी सहा चित्रं पिसून दिलेली; ती लावायची, प्रत्येकाचं नाव घ्यायचं, आणि मध्येच मॅडम "गिऱ्हाइकाचं पोट सुटलं" असं सांगायच्या, की मागं कुठवर जायचं ते ठरवायचं. क्रम मास्तर डाव्या हातानं अचूक लावत. पोट सुटलं की ट्रायलवरून मुकाट मापाकडे येत. मग मॅडम विचारत, "म्हणजे कापणी झाल्यावर माप घ्यायचं ना, मास्तर?" आणि मास्तर, ज्यांनी आयुष्यात एक धागा मापाशिवाय तोडला नव्हता, म्हणत, "हो." असं झालं की ते भिंतीकडे तोंड करून बसत. मॅडम बसू देत.

फरक पडला तो मॅडमच्या पांढऱ्या कोटामुळे. त्याची खालची दुमड उसवली होती आणि त्यांनी ती टाचणीनं अडकवली होती, तीही आडवी. मास्तरांना हे तासाच्या पहिल्या मिनिटापासून सहन होत नव्हतं. विसाव्या मिनिटाला ते वाकले, डाव्या हातानं टाचणी उपसली, ओठांच्या चांगल्या बाजूला धरली आणि दुमड अंगठ्यानं सपाट करू लागले.

"मास्तर, थकलात का?" मॅडमनी सवयीनं विचारलं.

काहीच आलं नाही. खोलीत काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. मॅडमनी चष्मा वर सरकवला. मास्तरांनी दुमड बसवली, ओठांतली टाचणी काढली, उभी टोचली, आणि मग, मान वर करून, जणू आत्ताच प्रश्न ऐकला अशा थाटात म्हणाले, "न… नाही."

सात महिन्यांतला हा पहिला. मॅडमनी वेळ टिपून घेतली. मास्तरांना रडू आलं, पण हल्ली त्यांना साबणाच्या जाहिराती बघूनही रडू येई, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

त्यात जादू काही नव्हती. चव्वेचाळीस वर्षं त्यांच्या ओठांना माहीत होतं की टाचणी आहे तोवर बोलायचं नाही. बोललं तर पोटात जाते. दाराशी बसलेल्या शिपायाला जे कोणाच्या बापाला सांगता आलं नव्हतं ते टाचणीनं सांगितलं. रुग्णांच्या तोंडात टोकदार वस्तू देऊ नये असा हॉस्पिटलचा नियम होता. बोथट वस्तूंबद्दल नियमात काही नव्हतं. म्हणून मॅडमनी आइस्क्रीमची एक रुंद लाकडी काडी आणली. प्रश्न आला की काडी ओठांत. मनात तीन आकडे. काय म्हणायचंय ते ठरवायचं. काडी बाहेर. मग शब्द. पुढं काडीची नुसती आठवण पुरावी असा बेत होता, पण तो दूर होता. काडीनिशी दहातली सात उत्तरं बरोबर येऊ लागली. काडीशिवाय तीन.

अधिकाऱ्याकडची तारीख एका गुरुवारची लागली. दोन महिने मास्तरांनी एकाच शब्दासाठी काडी धरली. 'नाही'. माप, खडू, कात्री नंतर बघू. मॅडमनी एक पत्र दिलं: रुग्णाला प्रश्नानंतर थांबायला वेळ द्यावा, पहिला होकार ग्राह्य धरू नये.

गुरुवारी सकाळी बायकोनं मास्तरांना धुतलेला शर्ट घातला, बटणं लावली, आणि खिशातली काडी काढून हातात धरली. चांगल्या घरच्या माणसानं कचेरीत, चार लोकांत, आइस्क्रीमची काडी चघळत बसावं हे तिला बरं दिसेना. तिनं स्वयंपाकघरात नेऊन ती चमच्यांच्या स्टँडात उभी केली आणि तिथूनच विचारलं, "इथं ठेवू ना? आल्यावर घ्या."

"हो," मास्तर म्हणाले.

गाडीत बसेपर्यंत ते तिचा पदर दोनदा ओढून ओठांकडे बोट दाखवत राहिले. तिनं पहिल्यांदा पाणी दिलं, दुसऱ्यांदा पेपरमिंट. गाडी सुरू झाली. मास्तर पेपरमिंट चघळत खिडकीबाहेर बघत राहिले. ती विरघळत होती, आणि विरघळणाऱ्या गोष्टीचा काही उपयोग नव्हता. दुकानावरून गाडी गेली. शटरवर कोणीतरी आधीच कव्हरांची जाहिरात चिकटवली होती, जराशी तिरकी.

कचेरीत खिडकीवरच्या कारकुनानं मॅडमचं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं. पत्र बोलण्याच्या विभागाचं होतं आणि मजकूर ठरवण्या-निवडण्याचा होता. त्यावर दुसऱ्या विभागाचा शिक्का लागेल, असं तो म्हणाला. मुलानं पत्राची घडी करून खिशात ठेवली. त्यानं प्रयत्न केला होता, हे बघणाऱ्या कोणालाही दिसलं असतं.

अधिकारी पन्नाशीचा, सुजलेल्या डोळ्यांचा, पण बोलायला सभ्य माणूस होता. टेबलाच्या एका बाजूला मास्तर, मुलगा आणि बायको, दुसऱ्या बाजूला कव्हरवाला, हातात प्लास्टिकची फाइल. अधिकाऱ्यानं कागद मोठ्यानं वाचला. मोठ्यानं आणि भराभर. मास्तरांना त्यातलं 'गाळा', 'कायमस्वरूपी' आणि 'टेबलासह' एवढं कळलं.

"तुमचं वय एकाहत्तर?"

"हो." हे खरं होतं.

"कागद वाचून दाखवला, समजला?"

"हो," शिपाई म्हणाला.

मुलानं घड्याळ पाहिलं. सगळं उरकत आलं होतं. आता एक प्रश्न उरला होता, आणि मास्तरांना तो येताना दिसत होता, जसा इस्त्री विसरलेल्या माणसाला धूर दिसतो. त्यांनी ओठ मिटले. काडीची आठवण काढली. एक, दोन. पण प्रश्न अजून आलाच नव्हता, आणि ओठ रिकामे होते, आणि रिकाम्या ओठांत 'हो' येऊन उभा होता, बूट घालून, टोपी नीट करून.

अधिकाऱ्याच्या टेबलावर पेनांच्या शेजारी चुंबकाची गोल डबी होती. तिच्या तोंडाला टाचण्या चिकटून उभ्या होत्या, गवतासारख्या.

"हा गाळा तुम्ही स्वखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय देताय?"

मास्तरांचा डावा हात टेबलावरून गेला. इतक्या सराईतपणे गेला की कोणाला अडवायचं सुचलं नाही. एक टाचणी डबीतून निघाली आणि मास्तरांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली, डोकं बाहेर, टोक आडवं.

"हे काय करतायत?" अधिकारी म्हणाला.

मुलगा अर्धवट उठला. "बाबा, काढा ती. नुसतं हो म्हणा, झालं."

"तुम्ही सांगू नका," अधिकारी म्हणाला. "मी विचारलंय."

बायकोचा हात टाचणीकडे निघाला होता, तो अर्ध्यावर राहिला. नऊ महिने हा माणूस तिनं बशीतून भरवला होता, डोकं धुतलं होतं, चुकीच्या वेळी पंखा बंद केला होता. आणि आता तोंडात टाचणी धरून, एक डोळा किंचित बारीक करून, समोरच्याचं कापड जोखत बसलेला हा तिला चांगलाच ओळखीचा होता. फक्त गेले नऊ महिने तो घरी आला नव्हता.

मास्तर आत मोजत होते. एक. शिपाई दाराशी धडका देत होता. दोन. 'नाही' मागच्या खोलीत होता, दोन महिने घासूनपुसून ठेवलेला; मास्तरांनी त्याला हाक मारली. तीन. त्यांनी टाचणी काढली, तोंड उघडलं, आणि स्वच्छ, मोकळ्या, दुकानातल्या आवाजात म्हणाले:

"मंगळवारी या."

सगळ्यांत चकित मास्तर झाले होते. त्यांनी हा शब्द मागवला नव्हता.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. एकवीस वर्षांत हे वाक्य त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम त्याचं होतं. मुलगा घाईघाईनं समजावू लागला की बाबांचा गोंधळ होतो, शब्द इकडचे तिकडे होतात, त्यांना हो म्हणायचंय, परवाच घरी म्हणाले. कव्हरवाल्यानं दुजोरा दिला, टेबलाबद्दलही हो म्हणालेत.

"ते नाही म्हणाले," बायको म्हणाली.

"आई, ते मंगळवारी म्हणाले."

"मला ऐकू येतं." ती अधिकाऱ्याकडे वळली. "साहेब, बेचाळीस वर्षं संसार केलाय. 'हो' काय, हल्ली ते कशालाही म्हणतात. काकडी आहात का म्हणून विचारा, हो म्हणतील. पण यांच्या तोंडून मंगळवार आला की ते काम होत नाही. मला नका सांगू. अकरा वर्षं माझ्या कोटाला मंगळवार देतायत."

अधिकाऱ्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी टाचणी पुन्हा ओठांत ठेवली होती, पुढचा प्रश्न आलाच तर असावी म्हणून. दोघांनी एकमेकांना क्षणभर न्याहाळलं. एकाच धंद्यातली माणसं अशीच बघतात. मग अधिकाऱ्यानं कागद पुढं ओढला, 'संमती आज मिळाली नाही' असं लिहिलं, आणि कॅलेंडरकडे बघत पुढची तारीख टाकली. तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार. त्याच्याकडे दुसरा वार मोकळाच नव्हता.

म्हणजे सुटका झाली नव्हती, तीन आठवडे मिळाले होते. तीन आठवड्यांनी हीच खुर्ची, हाच प्रश्न, आणि मुलगा त्या दिवशी डबी टेबलावरून आधीच हलवून ठेवणार, हे मास्तरांना कळत होतं. मुलगा गाडी आणायला गेला. कव्हरवाला जाताना पाया पडला नाही.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. ऊन भिंतीवर चढलं होतं. बायकोनं पर्स मांडीवर घेतली, चेन उघडली, पुन्हा लावली. विचारावं की नाही याचा ती विचार करत होती, असं दिसत होतं. आत साहेबापुढं जे बोलली ते तिनं स्वतःही आत्ताच पहिल्यांदा ऐकलं होतं.

"अहो," ती शेवटी म्हणाली, समोरच्या झाडाकडे बघत. "माझा कोट, तो तरी शिवायचा होता ना तुम्हाला?"

हळू बोलली. एका वेळी एकच गोष्ट बोलली. मास्तरांना शब्दन् शब्द कळला. त्या कोटाचा खांदा त्यांनी तीनदा उसवून बसवला होता, कारण तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण बोट खाली आहे हे फक्त त्यांना माहीत होतं, आणि तो बरोबर बसत नव्हता, आणि बरोबर बसल्याशिवाय तिला घालायला द्यायचा नव्हता. एवढं सगळं सांगायची गरज नव्हती. नऊ महिने जो दिवसातून शंभर वेळा न बोलावता आला होता, तो एकच शब्द हवा होता. त्यांनी तोंड उघडलं.

"मंगळवारी," मास्तर म्हणाले.

दाराशी शिपाई बदलला होता.

बायकोनं मान हलवली, जणू अंदाज होताच. मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा "मंगळवारी" आलं, तिसऱ्यांदा आलं. त्यांनी तिचं मनगट पकडलं. उजव्या हाताची बोटं झटक्यापासून उलगडत नव्हती. ती दातांनी उघडून त्यांनी साहेबाच्या डबीतली टाचणी बाहेर काढली, जी ते कोणाला न विचारता घेऊन आले होते. ती ओठांत धरली. मनगट सोडून डाव्या हाताचं एक बोट वर केलं: थांब.

मुलानं गाडी आणली, हॉर्न वाजवला. बायकोनं त्याला हातानंच थोपवलं आणि बाकावर नीट, सरळ पाठीनं बसली, ट्रायलला बसतात तशी. थांबायचा सराव तिला भरपूर होता.

मास्तर मोजू लागले.